पोलिसांचा हिशेब कोणी मागावयाचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ अशी शासनाची तीन अंगे पाठ करतो आणि परीक्षेत लिहून गुणही मिळवितो. परंतु सामान्य माणसाला शासन या तीन नावांनी भेटत नाही. त्याला ते तलाठ्याच्या, रेशन दुकानाच्या, सरकारी दवाखान्याच्या आणि पोलिसाच्या रूपाने भेटते. यांपैकी पोलिसाचे रूप सर्वांत निराळे. माणसाला धरून नेण्याचा, कोंडून ठेवण्याचा आणि प्रसंगी त्याच्यावर बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने रोजच्या व्यवहारात याच एका नोकराच्या हाती दिलेला आहे. ज्याच्या हाती एवढी सत्ता, त्याचा हिशेब कोण घेते? जिल्ह्यातील व शहरातील लोकांनी निवडून दिलेल्या संस्थांना त्यात काही स्थान आहे काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा विषय निवडण्याला अभ्यासक्रमाइतकेच घरचेही कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. बाबा रात्रपाळीचे चौकीदार आहेत. गेल्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला ड्यूटीवर जाताना दुचाकीवरील दोघांनी त्यांच्या हातातला मोबाइल हिसकावून नेला. हप्त्यांवर घेतलेला तो अकरा हजारांचा फोन होता आणि त्याचे पाच हप्ते बाकी होते. ते ज्या पोलीस स्टेशनात गेले तेथे त्यांना एक कागद मिळाला. त्यावर लिहिले होते, "मोबाइल गहाळ." हिसकावला नाही, चोरीला गेला नाही, गहाळ झाला! मी तो कागद वाचून दाखविला तेव्हा बाबा म्हणाले, "कागद भेटला न, झालं मग." आजीचे म्हणणे त्याहून स्पष्ट होते. "पोलिसाच्या नादी लागू नये बाई, गरिबाचं काम नाही ते."

'गहाळ' आणि 'चोरी' या दोन शब्दांतले अंतर मला राज्यशास्त्राच्या वर्गात कळले. वस्तू गहाळ झाली तर गुन्हा घडत नाही. गुन्हा घडला नाही तर तपास नाही, आणि शहराच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत त्याची मोजणी नाही. ज्या चोरीची मोजणीच झाली नाही तिच्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागत नाही. म्हणजे हिशेबाचा प्रश्न मंत्रालयात सुरू होत नाही, तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, एका शब्दाच्या निवडीपासून सुरू होतो.

दोन इमारती, दोन धनी

आमच्या भागात राहणाऱ्यांना दोन सरकारी इमारती चांगल्या परिचयाच्या आहेत. एक राणाप्रताप नगरचे पोलीस स्टेशन आणि दुसरी त्रिमूर्तीनगरचे अग्निशमन केंद्र. दोन्हींचे काम लोकांच्या रक्षणाचे आणि दोन्हींना सुट्टी नाही. परंतु त्यांचे धनी वेगळे आहेत. अग्निशमन केंद्र नागपूर महानगरपालिकेचे आहे, तर पोलीस स्टेशन राज्य शासनाचे.

याचे मूळ राज्यघटनेत आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पहिलीच नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. म्हणून पोलीस हा राज्याचा विषय ठरतो. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून अमलात आली) बारावी अनुसूची जोडली गेली आणि नागरी संस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय तीत नमूद झाले. त्यांत सातवा विषय अग्निशमन सेवांचा आहे. पोलीस त्या यादीत नाहीत. ग्रामीण संस्थांसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीच्या २९ विषयांतही ते नाहीत.

याचा व्यवहारात अर्थ काय? अग्निशमन दलाला नवे वाहन हवे असेल, पदे रिकामी असतील, तर तो विषय महानगरपालिकेच्या सभेत येऊ शकतो. आपला नगरसेवक उभा राहून विचारू शकतो की आग लागल्यावर गाडी यायला इतका वेळ का लागला. पोलीस स्टेशनाबाबत हाच प्रश्न त्या सभेत कोणी विचारला तर पोलीस अधिकारी त्या सभेला उत्तर देण्यास बांधलेला नाही. त्याचा हिशेब घेणारी सभा विधानसभा आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्या शहरात भरते ही जमेची बाजू. तेथे गृहखात्यावर प्रश्न विचारले जातात, मागण्यांवर चर्चा होते. परंतु साऱ्या राज्याच्या पोलिसांचा हिशेब त्या थोड्या दिवसांत होणार. त्यात एका वस्तीतल्या 'गहाळ' मोबाइलचा क्रमांक कधी लागावा? २०१४ साली गृहखाते ज्यांच्याकडे आले ते नागपूरचेच आमदार होते, म्हणून नागपूरकराला आपला आवाज पोहोचेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो योगायोग झाला. योगायोगाला व्यवस्था म्हणत नाहीत.

गावात जिल्हाधिकारी, शहरात आयुक्त

जिल्ह्याच्या पातळीवर पोलिसांवर कोणाचीच देखरेख नाही असे मात्र नाही. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमाने पोलीस दलाचे अधीक्षण राज्य शासनाकडे आहे. सतराव्या कलमात म्हटले आहे की जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक आणि त्याचे दल जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असेल. जिल्हा दंडाधिकारी म्हणजेच आपला जिल्हाधिकारी. म्हणजे ग्रामीण भागात पोलिसांवर एका बिगर-पोलीस अधिकाऱ्याचा डोळा असावा अशी कायद्याची योजना आहे.

शहरात चित्र बदलते. नागपूर शहरासाठी १९६५ पासून पोलीस आयुक्तालय आहे. आयुक्तालयाच्या क्षेत्रात दंडाधिकाऱ्याचे अनेक अधिकार पोलीस आयुक्ताकडेच येतात. जमावबंदीचा आदेश काढणे किंवा एखाद्याला तडीपार करणे ही उदाहरणे घ्या. पन्नास-साठ किलोमीटरवरील तालुक्यात एखाद्या माणसाला वाईट चालीसाठी जिल्ह्याबाहेर घालविण्याचा प्रस्ताव पोलीस करतात आणि त्यावर निर्णय बहुधा महसूल खात्याचा दंडाधिकारी देतो. शहरात प्रस्ताव पोलिसांचा आणि निर्णयही पोलिसांचाच. मोठ्या शहरात झटपट निर्णय लागतात म्हणून ही पद्धत स्वीकारली गेली, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु दुसऱ्या डोळ्याने पाहण्याची सोय त्यामुळे कमी झाली, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्यावर लक्षात येते. शहर पोलिसांची हद्द आणि महानगरपालिकेची हद्द एक नाही. वाडी, हिंगणा, कामठी ही ठिकाणे महानगरपालिकेत नाहीत, पण तेथील पोलीस स्टेशने शहर आयुक्तालयात आहेत. तेव्हा पोलिसांचा हिशेब 'शहराने' घ्यावा असे म्हटले तर कोणत्या शहराने, हा पहिला प्रश्न उभा राहतो.

खेड्यात पोलीस पाटील असतो. त्याची नेमणूक १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते. तो गावचा असतो, पण ग्रामपंचायतीने निवडलेला नसतो. त्याची नेमणूक महसूल खाते करते. गावाचा कौल ज्यात प्रत्यक्ष घेतला गेला असा प्रयत्न म्हणजे २००७ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. तीत गावाची समिती ग्रामसभेतून येते. तिचे काम तंटे मिटविण्याचे आहे, पोलिसांवर देखरेख ठेवण्याचे नव्हे. तरीही सुरक्षेच्या कामात गावाने बसून विचार करावा ही कल्पना तिने रुजविली.

विदर्भाने मोजलेली किंमत

हिशेब नसला म्हणजे काय होते, हे विदर्भाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तीन घटना येथे नोंदविते.

पहिली घटना २६ मार्च १९७२ ची. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसाकडून अत्याचार झाला. तिच्या नावाने तो खटला देशभर ओळखला जातो. ते नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले, कारण मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. पोलीस ठाण्यात उभ्या असलेल्या गरीब मुलीचे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा व गंभीर गुन्हा ठरला, आणि तेथे शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे अशी तरतूद झाली. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. पण तिच्यामुळे पुढच्यांसाठी कायदा बदलला.

दुसरी घटना २३ नोव्हेंबर १९९४ ची. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांच्या लाठीमारात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. मृतांत बायका आणि लेकरे होती. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याने घटना दुर्दैवी म्हटली, शासनावर ठपका ठेवला नाही. झिरो माइलजवळचे गोवारी स्मारक आपण रोज बसमधून पाहतो आणि उड्डाणपुलालाही त्यांचे नाव आहे. नावे दिली गेली, पण जबाबदारी कोणाच्याच नावावर लागली नाही.

तिसरी घटना १३ ऑगस्ट २००४ ची. कस्तुरबानगर वस्तीत वर्षानुवर्षे दहशत माजविणाऱ्या अक्कू यादव याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावाने ठार केले. त्यात वस्तीतल्या स्त्रिया पुढे होत्या असे तेव्हा सांगितले गेले. वस्तीचे म्हणणे होते की तक्रारी नेल्या तर पोलीस त्या घेत नसत, उलट तक्रार केल्याची बातमी गुंडापर्यंत पोहोचत असे. पुढे खटला चालला आणि २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी सुटले. या घटनेचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मला ते करवत नाही. न्यायालयाच्या दाराशी येऊन लोकांना हातात सुरी घ्यावीशी वाटते, तेव्हा त्याच्या आधीचे प्रत्येक दार त्यांच्या तोंडावर बंद झालेले असते. ती दारे उघडी ठेवणे यालाच देखरेख म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाचे सात आदेश

पोलीस सुधारणांचा विचार देशात झालाच नाही असे नाही. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७७ ते १९८१ या काळात काम करून आठ अहवाल दिले. ते बव्हंशी कपाटात राहिले. १९९६ साली निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला व न्यायालयाने सात आदेश दिले. राज्य सुरक्षा आयोग स्थापावा, अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, असे ते आदेश आहेत. त्यांतील सहावा आदेश आपल्या विषयाचा आहे. प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असावा, असे न्यायालयाने सांगितले.

महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पोलीस कोठडीतील मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार वा त्याचा प्रयत्न, रीत न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणे, अधिकाराचा गंभीर गैरवापर अशा तक्रारी प्राधिकरणाकडे नेता येतात. हे चांगलेच झाले. पण न्यायालय 'जिल्हा' म्हणाले होते आणि आपल्या कायद्यात 'विभाग' आला. नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला सिरोंचा आहे. तेथील मजुराने पोलिसाविरुद्ध तक्रार करावयाची तर त्याचे प्राधिकरण त्याच्या जिल्ह्यात नाही, विभागाच्या ठिकाणी आहे. तीन-चार दिवसांची मजुरी आणि बसचे भाडे हीच त्याची कोर्ट फी! एका शब्दाच्या बदलाने केवढे अंतर वाढते याचा हा दुसरा नमुना.

दुसरी उणीव अशी की शासनाला प्राधिकरणाचा अहवाल अपवादात्मक परिस्थितीत, कारणे नोंदवून, फेटाळता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालात प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधितांवर बंधनकारक असाव्यात असे म्हटले होते.

दुसरीकडे काय चालते?

अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखा 'काउंटी' हा घटक आहे. तेथे बहुतेक राज्यांत काउंटीचा पोलीसप्रमुख, ज्याला शेरीफ म्हणतात, तो लोकांच्या मतांनी निवडून येतो. त्याच्या खात्याचा पैसा काउंटीचे निवडून आलेले मंडळ मंजूर करते. लॉस एंजेलिस काउंटीत असे पाच सदस्यांचे मंडळ आहे. शेरीफ स्वतः निवडून आलेला असूनही तेथील तुरुंगांत कैद्यांना मारहाण होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा मंडळाने २०१६ साली नागरिकांचा देखरेख आयोग सुरू केला. मार्च २०२० मध्ये मतदारांनी कौल देऊन त्या आयोगाला कागदपत्रे व साक्षीदार हजर करविण्याचा अधिकार दिला. म्हणजे निवडणूक पुरी पडली नाही, निवडणुकीनंतरही हिशेब तपासणारा कोणी लागलाच.

इंग्लंड व वेल्समध्ये २०१२ साली बहुतेक पोलीस विभागांसाठी एकेक आयुक्त लोकांनी निवडावा अशी पद्धत सुरू झाली. पहिल्या निवडणुकीत जेमतेम पंधरा टक्के मतदान झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने हे पद बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. यावरून कल्पना वाईट होती असे नव्हे. पण लोकांना ज्याचे काम समजत नाही त्याला निवडायला लोक येत नाहीत, एवढे मात्र दिसते.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. भिवंडीत १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि बीटचा पोलीस एकत्र बसू लागले. १९८४ साली दंगलीत होरपळलेले ते गाव १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना शांत राहिले. कायद्यात एक ओळही न बदलता हे झाले. मात्र जे एका अधिकाऱ्याच्या इच्छेवर उभे राहते ते त्याच्या बदलीनंतर टिकेलच असे नाही.

मग महानगरपालिकेकडे द्यावे काय?

वर्गात या विषयावर चर्चा झाली तेव्हा काही मित्रांनी सुचविले की पोलीस महानगरपालिकेकडे द्यावेत म्हणजे प्रश्न सुटेल. मला तसे वाटत नाही. त्याची कारणे अशी.

एक तर, ज्या संस्थेकडे आज सुरक्षेची कामे आहेत तेथेही हिशेब आपोआप मिळतो असे नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. माणसे दगावली, संसार वाहून गेले. तेव्हा जबाबदारी कोणाची हे ठरविण्यासाठी रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले. विचारायला नगरसेवकही नव्हते, कारण महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तेथे प्रशासकाचा कारभार होता. तेव्हा खाते कोणाकडे आहे यापेक्षा हिशेबाची सभा नियमाने भरते की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

दुसरे असे की पोलिसांचा तपास हा मतांच्या हिशेबाने चालता कामा नये. ज्या नगरसेवकाला फेरीवाल्यांचा हप्ता ठाऊक आहे, त्याच्याच शब्दावर फौजदार नाचू लागला तर गरिबाने कोठे जावे? म्हणून पोलिसांना हुकूम देणे आणि पोलिसांकडून हिशेब घेणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या पाहिजेत. अमक्याला पकडा, तमक्याला सोडा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही लोकप्रतिनिधीला नको. पण किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, किती 'गहाळ' लिहिल्या, किती जणांना चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे नेले, हे विचारण्याचा अधिकार निवडून आलेल्या संस्थेला असावयास हरकत नाही.

याचे एक छोटे रूप आपल्या कायद्यात आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणात जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो, निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो आणि पोलीस अधीक्षक सदस्य असतो. पूर, आग, भूकंप यांसाठी हे तिघे एका टेबलावर बसू शकतात, तर रोजच्या सुरक्षेसाठी का बसू नयेत? तीन महिन्यांतून एकदा झोन कार्यालयात, म्हणजे आमच्यासाठी लक्ष्मीनगर झोनमध्ये, पोलीस, अग्निशमन अधिकारी आणि नगरसेवक यांची जाहीर बैठक व्हावी, आकडे वाचून दाखविले जावेत, आणि नागरिकांना प्रश्न विचारता यावेत. आणि तक्रार प्राधिकरण न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत यावे. माझ्या अल्पमतीप्रमाणे एवढे झाले तरी पुष्कळ.

येथे एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. पोलीस शिपाई हाही आपल्यासारख्याच घरातला मुलगा वा मुलगी असतो. गणपतीपासून अधिवेशनापर्यंत बंदोबस्तात उभा राहणारा, हक्काची सुट्टी वेळेवर न मिळणारा हा माणूस आहे. २०१४ च्या दुरुस्तीने शिपायाला एका ठिकाणी पाच वर्षांची आणि ठाण्यातील अधिकाऱ्याला दोन वर्षांची साधारण मुदत दिली, ती त्याच्यावर बदलीचा धाक राहू नये म्हणूनच. देखरेख म्हणजे त्याच्यावरील अविश्वास नव्हे. हिशेब चोख असला म्हणजे प्रामाणिक नोकरालाच आधार मिळतो.

आपल्या हातात काय आहे?

कायदा बदलेपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. आजच्या कायद्यात जे आहे ते पुष्कळांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात देते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे.

१. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस स्टेशनात देता येते, गुन्हा कोणाच्याही हद्दीत घडलेला असो (कलम १७३). खबरीची प्रत विनामूल्य मिळते. काही अपवाद सोडता गुन्हा नोंदविणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात सांगितले आहे.

२. ठाण्याने नोंद नाकारली तर खबरीचा मजकूर लेखी व पोस्टाने पोलीस अधीक्षकाकडे पाठविता येतो. शहरात परिमंडळाच्या पोलीस उपायुक्ताकडे. तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

३. अटक केलेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेलेच पाहिजे, हा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला हक्क आहे. अटक झालेल्यांची नावे व गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावावे असे कलम ३७ सांगते.

४. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक प्रसंग सोडता, अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून विचारपूस करावयाची तर ती तिच्या राहत्या घरी करावी लागते.

५. पोलीस ठाण्यांत कॅमेरे असावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर आहेच.

६. आगीसंबंधी २००६ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे मोठ्या इमारतीच्या मालकाने वा ताबेदाराने अग्निसुरक्षेची साधने चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचा असतो. ज्या शिकवणी वर्गात आपण तिसऱ्या मजल्यावर बसतो, तेथे हा दाखला आहे काय, हे विचारून पाहावे.

यांतील दुसरे कलम आमच्या घरात वापरून झाले आहे. मी अर्ज लिहिला, बाबांनी सही केली आणि तो स्पीड पोस्टाने पाठविला. 'गहाळ' हा शब्द खोडून मी 'हिसकावून नेला' असे लिहिले होते. सुमारे तीन आठवड्यांनी बाबांना बोलावणे आले, नीट बसवून त्यांचा जबाब घेतला गेला आणि गुन्हा नोंदला गेला. मोबाइल मिळाला नाही. उरलेले हप्ते आम्हाला भरावेच लागले. तरीही त्या नोंदीची प्रत बाबांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेविली आहे. शहराच्या आकड्यांत त्या वर्षी हिसकावणीची एक नोंद वाढली असेल. ती खरी होती, एवढेच.

वाचकमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अर्ज लिहिणारा पहिला हात आपलाच आहे. शेजारच्या मावशीचे, वस्तीतल्या काकांचे कागद वाचून द्यायला लोक आपल्याकडेच येणार. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे तो नीट वाचावा, चुकीचा असेल तर बदलून मागावा, आणि मागताना आवाज चढवू नये व मान खालीही घालू नये. जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणे येतील तेव्हा येतील. तोवर हिशेब मागणारा माणूस प्रत्येक वस्तीत एक तरी असावा. पदवी हातात पडण्याआधीच हे काम आपल्याला करता येते.